घाटी म्हणजे नक्की कुठला?

(एपिसोडचा लिखित मजकूर. अडखळलो, खोकलो ते काढून टाकलंय. बाकी बोललो तसंच ठेवलंय.)

आजचा विषय एका शब्दावरून सुचलाय आणि तो शब्द मला स्वतःला चिकटलेला आहे, त्यामुळे आज जरा जास्त वेळ घेणार आहे. शब्द आहे 'घाटी'.

माझं गाव कराडजवळ. पहिली नोकरी मुंबईत लागली आणि अंधेरीला एका फ्लॅटमध्ये आम्ही चौघं राहायला लागलो. त्यातला एक मालवणचा, माझ्याच ऑफिसातला. पहिल्याच आठवड्यात मी आमटीत शेंगदाण्याचं कूट आणि आईनं दिलेला कांदा-लसूण मसाला घातला, तर हा स्वयंपाकघराच्या दारात उभा राहून म्हणतो, "झाला का तुझा घाटी स्वयंपाक?" मी म्हटलं, "गप रे कोकण्या." हसलो, जेवलो, विषय संपला.

दोनेक महिन्यांनी ऑफिसच्या कँटीनमध्ये आम्ही दोघं मराठीत गप्पा मारत बसलो होतो. आवाज मोठा होता, ते मान्य. शेजारच्या टेबलावरचा एक जण हसत हसत इंग्रजीत म्हणाला, की या घाटी लोकांना हळू बोलता येतच नाही. माझं डोकं सटकलं. पण मी काही बोलायच्या आत हा मालवणी उठला आणि म्हणाला, "ओ, मी घाटी न्हय, मी मालवणी आसंय!"

बघा म्हणजे. आम्हा दोघांना एकच शब्द लागला, आम्ही दोघंही चिडलो, पण कारणं वेगळी. मला वाटलं, हा मला गावंढळ म्हणतोय. त्याला वाटलं, हा मला चुकून सातारकर समजतोय. आणि दोनेक महिन्यांपूर्वी स्वयंपाकघरात हाच शब्द मी हसण्यावारी नेला होता.

तेव्हापासून डोक्यात होतं की हा शब्द आला कुठून, आणि शिवी कधी झाला?

विचारायला गेलं की लोक गोष्टी सांगतात. एक म्हणतो, ज्यांनी बोरघाट फोडून इंग्रजांची रेल्वे बांधली ते घाटी. दुसरा म्हणतो, घाटातनं गनिमी काव्यानं लढायचे म्हणून घाटी, त्यामुळे हा अभिमानाचा शब्द आहे, शिवी नाहीच. तिसरा म्हणतो, घाटात राहायचे, शहर बघितलं नव्हतं, म्हणून घाटी. प्रत्येक गोष्ट ऐकायला मस्त. आणि मला तिथंच शंका येते. शब्दांच्या जन्माची गोष्ट जेवढी रंगतदार, तेवढी ती नंतर कुणीतरी बसून रचलेली असण्याची शक्यता जास्त. हे मी उगाच म्हणत नाही, एक उदाहरण देतो. ते माशाचं आहे, पण थोड्या वेळानं माणसांवरच येतं.

बोंबील. इंग्रजीत त्याला 'बॉम्बे डक' म्हणतात, म्हणजे मुंबईचं बदक. का? तर गोष्ट अशी की सुके बोंबील मुंबईहून टपालगाडीनं जायचे, त्या डब्यांना भयंकर वास सुटायचा, टपाल म्हणजे 'डाक', म्हणून 'बॉम्बे डाक', आणि गोऱ्या साहेबानं त्याचं केलं 'डक'. ही गोष्ट तुम्ही शंभर रील्समध्ये ऐकली असेल. मी स्वतः पाहुण्यांना सांगितली आहे, तीही पूर्ण आत्मविश्वासानं.

आता तारखा बघा. आपल्याकडची पहिली प्रवासी रेल्वे बोरीबंदर ते ठाणे धावली 16 एप्रिल 1853 ला. आणि 'डक' हा शब्द कधीचा आहे? इंग्रजांच्या हिंदुस्थानी बोलीचा एक जाडजूड कोश आहे, 'हॉब्सन-जॉब्सन', यूल आणि बर्नेल यांनी केलेला, 1886 चा. वेळ मिळाला की चाळण्यासारखा आहे, इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनचं 1803 सालचं लिखाण दिलंय. तोच एल्फिन्स्टन, जो पुढं मुंबईचा गव्हर्नर झाला. 1803 मध्ये तो मुंबईच्या फौजेतल्या लोकांना 'डक' म्हणतोय. म्हणजे रेल्वेच्या पन्नास वर्षं आधी! कोशकारांच्या मते हे नाव माशावरूनच माणसांना पडलं. तसं असेल तर माशाचं 'डक' त्याच्याही आधीचं. टपालगाडीची गोष्ट तिथंच रुळावरून घसरते.

पण मला यात मासा महत्त्वाचा वाटत नाही. गंमत ही, की गोऱ्या साहेबांनी एकमेकांना प्रांतावरून नावं ठेवली होती! मुंबईवाले 'डक'. मद्रासवाले 'मल', कारण ते मुलगटाणी फार प्यायचे. मुलगटाणी म्हणजे तमिळमधलं मिळगु-तण्णीर, मिऱ्याचं पाणी. आणि बंगालवाले 'क्वी-हाय'. हे काय, तर बंगालमधला साहेब खुर्चीतून न उठता नोकराला हाक मारायचा, "कोई है?" त्याचं 'क्वी-हाय'. एकाच कंपनीचे नोकर, एकाच राजाची प्रजा, सात समुद्र ओलांडून आलेले, आणि इथं येऊन पुन्हा तू डक आणि मी मल. म्हणजे आमच्या अंधेरीच्या फ्लॅटमध्ये जे चाललं होतं, तेच.

पावाचंही असंच. पायानं तुडवून करतात म्हणून पाव, असं लहानपणी ऐकलेलं असतं. दुसरी गोष्ट, लादीचा चौथा हिस्सा म्हणजे पाव. खरं म्हणजे पोर्तुगीज भाषेत ब्रेडला 'पांव' म्हणतात, अर्ध्या नाकात बोलायचं. गोवा 1510 मध्ये त्यांच्या ताब्यात गेला, आणि हा शब्द आपल्याकडं आला. याची खात्री कशी करायची? जपानला जा. तिथं ब्रेडला 'पान' म्हणतात, कारण पोर्तुगीज तिथंही गेले होते. जपान्याला आपला पायही माहीत नाही आणि पावशेरही माहीत नाही. पण पायाची गोष्ट टिकली, कारण तिच्यात एक बारीकशी किळस होती आणि पाव खाणाऱ्या, भाजणाऱ्या माणसांना नाक मुरडायला ती उपयोगी पडायची. गोव्याच्या माणसाला मुंबईत 'मकापाव' म्हणून चिडवायचे. 'माका पाव', म्हणजे कोकणीत 'मला पाव', असं त्याचं स्पष्टीकरण देतात. भाषेची नक्कल आणि बेकरीवाल्याचं चित्र, दोन्ही एका शब्दात.

तर आता घाटीकडं परत येऊ. मघाशी सांगितलेल्या तीन गोष्टींपैकी कुठली खरी?

माझ्या मते तिन्हींची गरज नाही. पुण्याचा तो पुणेरी, कोल्हापूरचा तो कोल्हापुरी, वऱ्हाडचा वऱ्हाडी, कोकणचा कोकणी. घाटाचा तो घाटी. मराठीत गावाच्या, प्रदेशाच्या नावाला 'ई' लावून माणूस तयार होतो, रोज होतो. रेल्वे बांधायची गरज नाही, लढाईचीही नाही. साधं उत्तर हाताशी असताना रंगीत उत्तर लागत नाही.

पण थांबा, खरा गुंता पुढं आहे. घाटाचा म्हणजे कुठला?

'घाट' म्हणजे उतरायची जागा. संस्कृतातल्या 'घट्ट' शब्दावरून आला. नदीत उतरायच्या पायऱ्या त्या घाट, आणि डोंगरावरून खाली उतरायची वाट तीही घाट. नाशिकचा घाट आणि कुंभार्ली घाट, शब्द एकच. डोंगराचं नाव सह्याद्री. पण परदेशी लोकांनी 'घाटाच्या वरचा मुलूख', 'घाटाखालचा मुलूख' असं बोलणं ऐकलं आणि त्यांना वाटलं की या डोंगराचंच नाव घाट असावं. हॉब्सन-जॉब्सनवाले हेच सांगतात. त्यातून 'वेस्टर्न घाट्स' झालं, 2012 मध्ये युनेस्कोच्या यादीत ते त्याच नावानं गेलं. पायऱ्यांचं नाव अख्ख्या इमारतीला द्यावं, तसं झालंय ते.

आता मला सांगा, घाटात कोण राहतं? कुणीच नाही. वळणं आहेत, माकडं आहेत, चहाची टपरी आहे. आमचं कराड घाटापासून चांगलं लांब, कृष्णा-कोयनेच्या काठावर सपाटीला आहे. आमच्या घरात कुणी स्वतःला 'आम्ही घाटावरचे' म्हणताना मी ऐकलं नव्हतं. आम्ही देशावरचे. मग घाटी कुठून? तर तो खालून दिसतो. कोकणातल्या माणसाच्या दृष्टीनं डोंगराची वाट चढून गेलं की पलीकडं जे काही आहे ते सगळं 'घाट'. "तो घाटावर गेलाय" याचा मालवणात अर्थ कोल्हापूर, सातारा, पुणे, कुठंही गेलाय. म्हणजे 'घाटी' हा शब्द फक्त डोंगराच्या पायथ्याशी उभं राहूनच तयार होऊ शकतो. माझ्या गावात उभं राहिलं तर त्याला काही अर्थच नाही.

आणि वरून बघणाऱ्यांनी काय केलं? आमची आज्जी चिपळूणला कधी 'चिपळूणला' म्हणायची नाही, 'खाली कोकणात' म्हणायची. कुंभार्लीच्या वाटेनं खालून मीठ यायचं, सुकी मासळी यायची, आणि माणसंही यायची, ती सगळी 'खालची'. याला जुना पुरावाही आहे. शिवकाळात कोकणातल्या बंदुकबाज शिपायांना 'हेटकरी' म्हणायचे. हेट म्हणजे खालचा भाग. कोकणातला माणूस घरी बसून स्वतःला 'खालचा' कशाला म्हणेल? ते नाव वरून पडलं. एकानं दुसऱ्याला वरचा म्हटलं, दुसऱ्यानं पहिल्याला खालचा. मध्ये डोंगर. इथपर्यंत फिट्टंफाट.

मग एकच शब्द शिवी का झाला? हेटकरी आज कुणाला माहीत नाही, घाटी मात्र कँटीनमध्ये ऐकू येतो. याचं उत्तर मुंबईत आहे.

मुंबई ही घाटाखालची. 1854 मध्ये तिथं पहिल्या कापड गिरणीची सुरुवात झाली, 1863 मध्ये रेल्वे बोरघाट चढून वर आली, आणि देशावरची माणसं गाडीत बसून खाली जायला लागली. गिरणीत सगळ्यात जास्त माणसं रत्नागिरीकडची, पण सातारा, पुणे, नगरचीही भरपूर. गोदीत ओझी उचलायला, बाजारात पाट्या वाहायला, घरात वरकामाला. आधीपासून शहरात असलेल्या लोकांना ही नवी माणसं कुठली, तर घाटावरची. इथपर्यंतही ठीक होतं. पण मग पत्ता राहिला बाजूला आणि शब्द कामाला चिकटला. मुंबईतल्या गुजराती-पारशी घरांत 'घाटी' याचा अर्थच घरकामाचा गडी असा रुळला. म्हणजे "आमचा घाटी रजेवर आहे" या वाक्यात भूगोल शिल्लकच नाही. तो गडी राजापूरचा असला तरी घाटीच. गड्यांना सरसकट 'रामा' म्हणायचीही पद्धत होती. नाव काहीही असो, हाक रामा.

हे फक्त आपल्याकडं झालं असंही नाही. 'कुली' घ्या. एक मत असं, की तमिळमध्ये 'कूली' म्हणजे मजुरी, त्यावरून कुली. दुसरं मत असं, की गुजरातेतल्या कोळी जमातीच्या नावावरून. दीडशे वर्षं यावर वाद आहे. दुसरं मत खरं असेल तर एका अख्ख्या समाजाचं नाव जगभर ओझं वाहणाऱ्याचं नाव झालं, आणि जहाजांतून थेट मॉरिशस, फिजीपर्यंत गेलं. पहिलं खरं असेल तरी दोन शब्द एकमेकांत इतके मिसळले की आता सोडवणं अवघड.

माझे चुलत आजोबा गिरणीत होते, परळला. गिरणीत लागायच्या आधी वर्षभर एका व्यापाऱ्याच्या घरी कामाला होते. ते सांगायचे, की तिथं वर्षभरात त्यांना कुणी नावानं हाक मारली नाही. "ए घाटी." त्यांना राग यायचा का, असं मी विचारलं होतं. ते म्हणाले, "राग कसला? मला वाटायचं कामाचंच नाव आहे. शिपायाला शिपाई म्हणतात तसं." नंतर गावी आले की स्वतःच म्हणायचे, "आम्ही घाटी माणसं, आम्हाला भाकरीच लागते." मला तेव्हा ते वाक्य विनोदी वाटायचं. आता नाही वाटत.

मग पुढची पायरी. गिरण्या गेल्या, घरगडी गेले, पण शब्दातला 'आपल्यापेक्षा खालचा' हा भाग उरला. आता तो कपड्यांना लागतो, उच्चारांना लागतो, गाण्याच्या आवडीला लागतो. "किती घाटी शर्ट आहे" असं म्हणणाऱ्याला सह्याद्री नकाशावर दाखवता येईलच असं नाही. मघाचा तो कँटीनवाला भूगोल बोलतच नव्हता. त्याच्या लेखी मोठ्यानं मराठी बोलणारे सगळे घाटी. म्हणून माझ्या मालवणी मित्राचा खुलासा त्याला कळलाच नाही. त्याचा चेहरा अजून आठवतो. त्याला प्रामाणिकपणे वाटलं होतं की मालवणी हा घाटीचाच एक प्रकार असावा!

आता यात मला सगळ्यात जास्त विचार करायला लावणारी गोष्ट सांगतो. सह्याद्रीच्या पूर्व उतारावरची जी खोरी आहेत, त्यांना मावळ म्हणतात. सूर्य जिकडं मावळतो तिकडचा मुलूख, अशी त्याची व्युत्पत्ती देतात. तिथला माणूस तो मावळा. शिवाजी महाराजांच्या फौजेत तो होता, आणि आज 'मावळा' हा शब्द लोक टीशर्टवर, गाडीच्या काचेवर, इन्स्टाच्या बायोमध्ये अभिमानानं लावतात. आता नकाशा उघडा. मावळ आणि घाट, डोंगर तोच आहे. कोकणातून बघितलं तर मावळा हा शंभर टक्के घाटी. एकच उतार, तिथलाच माणूस, एक शब्द बायोमध्ये आणि दुसरा कँटीनमध्ये. मावळा हा शब्द आपल्यापर्यंत पोवाड्यातून, इतिहासातून आला. घाटी हा शब्द मालकाच्या तोंडून आला. अर्थ तिथून ठरला, डोंगरावरून नाही. "घाटी हा अभिमानाचाच शब्द आहे" अशी गोष्ट कुणीतरी रचतं, तेव्हा त्याला घाटीचा मावळा करायचा असतो. मला ती इच्छा कळते. फक्त त्यासाठी खोटा इतिहास लागू नये असं वाटतं.

आणि शब्द सगळीकडं शिवी आहे असंही नाही. छत्रपती संभाजीनगरला जा आणि रिक्षावाल्याला "घाटीला सोडा" म्हणा. तो सरळ सरकारी मेडिकल कॉलेजच्या हॉस्पिटलला सोडेल. अख्खा मराठवाडा त्याला 'घाटी'च म्हणतो. "वडिलांना घाटीत ॲडमिट केलंय" या वाक्यात चेष्टा नाही, काळजी आहे. किराणा दुकानात 'घाटी मसाला' मिळतो, त्याच्या पाकिटावर हा शब्द ठळक छापलेला असतो, आणि तो घेणारी माणसं मुंबईतलीच असतात. जाता जाता, घाटकोपर. 'घाट के ऊपर' म्हणून घाटकोपर, अशी एक गोष्ट फिरते. कोपर आपल्याकडं इतर ठिकाणीही आहे हो, डोंबिवलीजवळ नुसतं कोपर आहे, नवी मुंबईत कोपरखैरणे आहे. तिथं कुठलं 'के ऊपर'? कोपरा, एवढं पुरेसं आहे.

मागच्या महिन्यात या विषयावर व्हॉइस नोट्स मागवल्या होत्या. एक नोट मला चार वेळा ऐकावी लागली. म्हापशाची एक मुलगी आहे, कॉलेजात शिकते. तिचे आजोबा कोल्हापूरकडून गोव्यात गेले, वडिलांचा जन्म गोव्यातला, तिचाही. घरात मराठी, बाहेर कोकणी. ती म्हणते, "वर्गात भांडण झालं की मला घांटी म्हणतात. मी आयुष्यात दोनदा घाट चढलेय, तोही सहलीला. किती पिढ्या झाल्या की माणूस घांटी राहत नाही?"

याचं उत्तर कुठल्याही कोशात नाही. पण गोव्यात हा शब्द मुंबईपेक्षा वेगळा का बोचतो, ते समजून घेता येतं. मुंबईत तो मालक नोकराला म्हणत होता. गोव्यात तो बहुतेक वेळा छोट्या घरातला माणूस मोठ्या शेजाऱ्याबद्दल म्हणतो. 2011 च्या जनगणनेत गोव्याची लोकसंख्या साडेचौदा लाखांच्या आसपास होती, तेवढी माणसं आपल्याकडं एखाद्या मोठ्या शहरात मावतात. 16 जानेवारी 1967 ला तिथं सार्वमत झालं, गोवा महाराष्ट्रात विलीन करायचा की नाही यावर, आणि लोकांनी वेगळं राहायचं ठरवलं. आपण वेगळे आहोत, ही गोष्ट तिथल्या लोकांनी मतपेटीत टाकून सिद्ध केलेली आहे. घाटाच्या वरून कोण येतं, किती येतं, जमिनी कोण घेतं, याची धास्ती त्या शब्दात भरलेली आहे. तिथं 'घांटी' फक्त मराठी माणसाला म्हणत नाहीत, कर्नाटकातून आलेल्या मजुरालाही म्हणतात, आणि आता तर बाहेरून आलेल्या कुणालाही. धास्ती खरी आहे. पण ती त्या मुलीवर निघते, जी कोकणीत भांडते आणि कोकणीतच रडते, हेही खरं आहे. तिला मी एवढंच कळवलं, की वर्गातल्या त्या मुलांचे आजोबा कुठून कुठं गेले होते ते विचारून बघ. गोव्याची माणसं मुंबईत आली, कराचीत गेली, पूर्व आफ्रिकेत गेली. त्यांच्यापैकी कुणाला तरी कुणीतरी 'मकापाव' म्हटलेलं असणार.

ती म्हणाली, विचारते. अजून उत्तर आलेलं नाही.

आता जरा माझ्याकडं. हा एपिसोड लिहायला बसलो तेव्हा बायकोनं वही वाचली आणि म्हणाली, "सगळं बरोबर आहे. पण सकाळी दूधवाल्याला तू काय म्हणालास?" मी म्हणालो होतो, "या भैय्या लोकांना वेळेचं भानच नाही." भैय्या म्हणजे भाऊ. ज्याच्या भाषेत तो शब्द आहे, त्याच्या घरात तो मोठ्या भावाला आदरानं म्हणतात. आपण तो उचलला, प्रांताचं नाव केलं, मग कामाचं नाव केलं, आणि मग त्याच्यावर 'या... लोकांना' असा शेपटा लावला. घाटीचा जो प्रवास मी तुम्हाला आत्ता पाऊण तास सांगितला, तोच, फक्त या वेळी टेबलाच्या पलीकडं मी होतो. आणि वाक्याची ठेवणसुद्धा तीच. "घाटी लोकांना हळू बोलता येत नाही." "भैय्या लोकांना वेळेचं भान नाही." मी गप्प बसलो. बायको नागपूरची आहे. तिला पुण्यात तिच्या 'बे'वरून काय काय ऐकून घ्यावं लागलं, तो एक वेगळा एपिसोड होईल.

एका श्रोत्यानं विचारलंय, की मग कुणी घाटी म्हटलं तर करायचं काय, भांडायचं की हसायचं? माझा अनुभव सांगतो. मालवणी मित्र अजूनही मला घाटीच म्हणतो. त्याच्या लग्नात त्याच्या आईनं मला सगळ्यांसमोर "आमचो घाटी इलो" म्हणून आत नेलं आणि सोलकढीचा तिसरा ग्लास हातात दिला. तिथं मला काहीही वाटलं नाही. उलट तसं म्हटलं नसतं तर वाटलं असतं. कँटीनमधल्या त्या माणसाशी मात्र मी नंतर बोललो. भांडलो नाही. त्याला विचारलं, "घाटी म्हणजे कुठला?" तो थोडा वेळ विचार करत राहिला आणि म्हणाला, "म्हणजे... असंच. तुम्ही लोक." मी म्हटलं, "नाही, पण कुठला घाट?" त्याला सांगता येईना. मी फोनवर नकाशा काढून कुंभार्ली दाखवला, कराड दाखवलं, मालवण दाखवलं. त्यानं बघितलं, सॉरी म्हणाला, आणि मग त्यानं मला सांगितलं की त्याच्या शाळेत त्याला प्रांतावरून काय म्हणायचे. तो शब्द मी इथं सांगणार नाही, कारण सांगितला की तुमच्यातले चार जण उद्या वापरतील.

पुढच्या एपिसोडसाठी काम देतो. तुमच्या गावात नदीपलीकडच्या, डोंगरापलीकडच्या, शेजारच्या तालुक्यातल्या लोकांना काय म्हणतात? आणि ते लोक तुम्हाला काय म्हणतात? दोन्ही शब्द पाठवा, एकच पाठवू नका. शक्य असेल तर घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाच्या आवाजात पाठवा. एका मिनिटाच्या आत, आणि पंखा बंद करून रेकॉर्ड करा, मागच्या वेळी निम्म्या नोट्समध्ये पंखाच ऐकू येत होता. भेटू पुढच्या रविवारी.